सायबाच्या आयची खुर्ची

येरमाळ्याच्या स्टँडवरून मी पहिल्यांदा पुण्याला निघाले तेव्हा माझी आई रडली नाही. बाकीच्या आया रडत होत्या. कुणी पदरानं डोळे पुसत होतं, कुणी खिडकीतून हात घालून पोराच्या तोंडावरून फिरवत होतं. माझ्या आईनं अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, डोक्याला गुंडाळला, कानावर एक काडी खोचली आणि सगळ्या स्टँडसमोर अण्णांचं सोंग केलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कळंब डेपोत कंडक्टर होते. ड्युटीवर त्यांचा रुबाब बघण्यासारखा असायचा. कानावर पेन्सिल, जिभेला लावून ओलं केलेलं बोट, आणि दर स्टॉपला एकच पालुपद, "पुढं सरका, पुढं सरका, नव्या नवरीवानी दारात काय उभारलाव!" आय गाडीच्या पायरीवर चढली. आम्ही आईला आयच म्हणतो, आणि लिहितानाही हात तिकडंच वळतो. चढली आणि आधी काहीच केलं नाही. नुसती थांबली. स्टँडवरून सावकाश नजर फिरवली. माणसं बघायला लागली, ही बाई आता काय करते म्हणून. मग तिनं बोट जिभेला लावलं, हवेतलं तिकीट फाडलं आणि अण्णांच्या घोगऱ्या आवाजात मला म्हणाली, "ओ बाई, कुठलं द्यायचं? पुण्याचं? नुसतं जायचं का माघारी यायचं बी?"

अख्खं स्टँड हसलं. रडणाऱ्या बायका रडता रडता हसल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. अण्णा मात्र पेपर स्टॉलकडं तोंड करून उभे राहिले, जणू ही बाई त्यांच्या ओळखीचीच नाही. माझ्या शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "कोण गं ही? लई नकला करती." मी बॅगेची चेन उघडत होते, लावत होते. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं होतं. मला वाटलं, बाकीच्यांसारखी रडली असती तर हिचं काय गेलं असतं? आयला तिकिटाचं उत्तर मी दिलंच नाही. गाडी हलली तरी खिडकीकडं बघितलं नाही.

आमच्या गावात सोंगं पंचमीला होतात. वारुळाची पूजा होते, लाह्या वाहून होतात, दिंडं खाऊन होतात, माहेरवाशिणी झोका खेळून दमतात, फेर धरून घसा बसतो, आणि मग देवळामागच्या मोकळ्या जागेत बायका गोल करून बसतात. पुरुषांनी तिकडं फिरकायचं नाही. कुणी जावयाचं सोंग काढतं, कुणी तलाठ्याचं, कुणी सासऱ्याचं. पण सगळ्या वाट बघायच्या आयची. "धुरपदामावशी उठू द्या गं!" आय घागरीचं झाकण छातीला लावून सरकारी डॉक्टर व्हायची. शेळीला घास दाखवत दाखवत पुढारी व्हायची आणि तिला मत मागायची. शांताकाकू, आमच्या शेजारच्या, हसून हसून जमिनीवर लोळायच्या. त्या सोंगांचा एकच नियम. जे झालं ते तिथंच राहायचं. घरी जाऊन सांगायचं नाही, पुढं मोबाईल आले तरी त्यात धरायचं नाही. बघायचं असेल तर तिथं असावं लागतं. आयनं तो नियम पहिल्यांदा मोडला तो मला निरोप देताना, स्टँडवर, पुरुषांसमोर. का मोडला हे कळायला मला फार वर्षं लागली. मी रडू नये म्हणून.

"आय, तुला लोक हसतेत," असं मी लहानपणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "हसतील त्यांचे दात दिसतील." आणि सोंगाविषयी दुसरं एक. "घाई करायची न्हाय. आदी थांबायचं. बायांनी म्हणावं, आता काय करती? मंग करायचं."

पुण्यात केमिस्ट्री शिकले. मग एका लॅबमध्ये जुन्या फिल्म वाचवण्याचं काम मिळालं, त्यातून स्कॉलरशिप आणि त्यातून बर्लिन. आता मी तिथल्या एका फिल्म आर्काइव्हमध्ये आहे. तळघरात थंडगार खोल्या असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या फिल्मची रिळं डब्यात झोपलेली असतात. काही चिकटलेली, काही आंबून गेलेली, काहींचा नुसता तपकिरी भुगा. वास असा की मळके मोजे व्हिनेगरमध्ये बुडवलेत. मी हातमोजे घालते, फाटलेल्या कडा चिकटवते, रसायनं तपासते, मशीनवर चढवते. संध्याकाळी सहकारी "फायराबेंड!" म्हणतात, म्हणजे आजचं काम संपलं, आणि आम्ही कोट घालून उबानमध्ये बसतो. उबान म्हणजे जमिनीखालची रेल्वे. तिच्यात कुणी कुणाला पुढं सरका म्हणत नाही. सरकायला मागं कुणी नसतंच.

हे गावाकडं सांगायचं कसं? अण्णांनी आधी प्रामाणिकपणे सांगितलं, "पोरगी केमिस्ट्रीत हाय." झालं. लोकांना वाटलं मेडिकलचं दुकान टाकलंय. गुडघ्याच्या, साखरेच्या, केस गळायच्या गोळ्यांचे निरोप यायला लागले. मग अण्णांनी विचार केला आणि जाहीर केलं, "कंप्युटरमधी हाय." कंप्युटर म्हटल्यावर पुढं कुणी विचारत नाही. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, मी कंप्युटरमध्ये नाही हो." ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप ऱ्हा." मी गप राहिले. सोपं होतं ना. एक शिकली-सवरलेली बाई दिवसभर अंधारात बसून जाड्या बायका पिठात पडताना बघते आणि त्याचा पगार घेते, हे सांगायची मलाच लाज वाटत होती.

एक दिवस भावकीतल्या कुणीतरी फोटो पाठवला. गावच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स. त्यावर माझा पासपोर्टवरचा फोटो ताणून ताणून म्हशीएवढा केलेला, मागं विमान, आणि खाली ठळक अक्षरात, "गावची सुकन्या, जर्मनीतील संगणक तज्ज्ञ." अगं बाई! मी उबानमध्ये होते. मोबाईल पालथा घातला. समोरच्या जर्मन माणसाला मराठी वाचता येत नाही, हे ध्यानातच आलं नाही.

आता हेटीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हेटी ब्राम ही सुरुवातीच्या जर्मन सिनेमातली विनोदी नटी. मुका सिनेमा होता तेव्हाची. बव्हेरियातल्या एका खेड्यातल्या बेकरीवाल्याची मुलगी. बर्लिनला मोलकरीण म्हणून आली, मालकिणीची नक्कल करताना मालकिणीनंच पकडली आणि हाकलली. मग बिअरच्या हॉलमध्ये गमतीची गाणी म्हणू लागली. तिथून सिनेमात. अंगानं भरलेली, तोंड भाकरीसारखं गोल, आणि डोळे असे की दोन्हीकडं दोन वेगळे विचार चाललेत. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिच्या छोट्या छोट्या फिल्म निघायच्या, एका रिळात मावणाऱ्या. हेटी स्वयंपाकीण होते, हेटी पोलिस होते, हेटी नवरा शोधायला जाते. पोस्टरवर फिल्मच्या नावापेक्षा तिचं नाव मोठं. तंबूतसुद्धा लोक दाटीवाटीनं बसून बघायचे.

मग युद्ध झालं, माणसं बदलली, आवड बदलली. पडद्यावर बारीक, चकचकीत बायका आल्या. हेटीला सासूची कामं मिळायला लागली, मग शेजारणीची, मग गर्दीतली. आणि मग सिनेमा बोलायला लागला. माझ्या भाषेत सांगायचं तर हेटीचं "व्हय" आणि "न्हाय" माईकमध्ये शिरलं. शहरातल्या लोकांना तिची खेड्यातली बोली कळेना, किंवा कळायचीच नव्हती. तिला दोनचार वाक्यं द्यायचे, ती बोलली की हसायचे, पण आता ती काय करते याला नाही, कशी बोलते याला. तिनं काम सोडलं.

तिच्या फिल्म आमच्याकडं आल्या त्या तिच्या नातीकडून. फ्राउ लेन्त्स, म्हणजे लेन्त्सबाई. ऐंशी ओलांडलेली, पाठ ताठ, हातमोजे हातात धरलेले. तळघर रिकामं करताना डबे सापडले म्हणाली. मी एक फिल्म नीट करून तिला दाखवायला बोलावलं. त्यात हेटी मोलकरीण आहे. साहेबाच्या घरी मेजवानी, हातात काचेच्या भांड्यांचा ट्रे, पायाखाली गालिच्याची घडी. आता पडणार, हे सगळ्यांना माहीत. आमच्याकडं त्या फिल्मची एक जुनी प्रत होती, ती भरभर पळायची. तेव्हा कॅमेऱ्याचं चाक हातानं फिरवायचे, सावकाश. ते रीळ नंतरच्या वेगवान मशीनवर चढवलं की माणसं मुंग्यांसारखी धावतात. त्या प्रतीत हेटी येते, धडपडते, पडते, संपलं. लोकांनी तेच बघून तिला थिल्लर ठरवलं होतं. मी वेग उतरवत गेले, उतरवत गेले, आणि एका ठिकाणी माझा हात थांबला. हेटी दारात थांबली होती. ट्रे घेऊन नुसती उभी. सावकाश आपल्याकडं बघत. आता काय करती?

मला देवळामागची जागा आठवली. तिथंच वेग पक्का केला.

हेटी घडीवरून अलगद पाय टाकते. ट्रे टेबलावर सुखरूप ठेवते. सुटकेचा श्वास सोडते. आणि मागच्या खुर्चीवर बसते, जिच्यावर केक ठेवलेला असतो.

फ्राउ लेन्त्स हसली नाही. दिवा लागल्यावर म्हणाली, "माफ करा, मला हसता येईना. आमच्या घरी परवानगी नव्हती." तिचे वडील, हेटीचा मुलगा, कोर्टात मोठे अधिकारी झाले. त्यांनी आईला आपल्या घरी आणलं, चांगली खोली दिली, खिडकीशी एक मखमली खुर्ची दिली आणि सांगितलं, आता तू आराम कर, आणि पाहुण्यांसमोर ते जुनं काही काढू नको. कुणी तिला त्रास दिला नाही. सगळे मान देत होते. "मला ती आठवते ती त्या खुर्चीत," फ्राउ लेन्त्स म्हणाली. "हात मांडीवर ठेवून. शेवटपर्यंत तशीच. मला वाटायचं माझी आजी फार सभ्य आणि फार कंटाळवाणी बाई आहे." मग तिनं फिल्म पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या वेळी केकच्या जागी ती इतकी हसली की खोकला लागला, आणि मला तिला पाणी आणून द्यावं लागलं.

त्यानंतरच्या पंचमीला मी गावी गेले. व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, रजा, आजारपण, एक ना अनेक कारणांनी बरीच वर्षं पंचमी चुकली होती. मनात एकच होतं, आयचं सोंग बघायचं. फाट्यावर उतरले तर फ्लेक्सवरची मी उन्हानं पांढरी फटक पडलेली. विमान तेवढं शाबूत.

झोका झाला, फेर झाला. बायका गोल करून बसल्या. आणि कुणाची तरी सून घरातून लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आली. "सरका सरका, सायबाच्या आयला बसू द्या!" सायब म्हणजे मी. आय खुर्चीवर बसली. पाय जुळवून, हात मांडीवर, पदर दोन्ही खांद्यांवर, फोटो स्टुडिओत बसल्यासारखी. बाकीच्या सगळ्या खाली, मातीत. एका पोरीनं मास्तरणीचं सोंग केलं, घाईघाईत. सगळ्या हसल्या. आयही ओठ न उघडता हसली.

मी शांताकाकूंना कोपरानं ढोसलं. "आय उठणार कधी?"

"आता कशाची उठती?" काकू म्हणाल्या. "तुझा त्यो बोर्ड लागला तवापून बंद हाय. तुझे अण्णा म्हणाले, पोरगी येवढ्या हुद्द्यावर, आयनं तोंडाला काजळ लावून मिशा काढायच्या, शोभत न्हाय. आन् खरं सांगू का, आमाला बी हसाय भ्या वाटाय लागलं. सायबाच्या आयला कसं हसावं?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिला कुनी न्हाय म्हनलं न्हाय बग. खुर्ची दिली फकस्त."

तिथं बर्लिनमध्ये मी एका मेलेल्या बाईचं थांबणं वाचवलं म्हणून फिल्मच्या खेळानंतर लोकांनी माझे हात हातात घेतले होते. आणि इथं माझ्या नावाची खुर्ची करून माझ्या जिवंत आयला तीत बसवलं होतं. हेटीसारखीच ही पण तिथून उठणार नव्हती. कुणावर चिडायचं? सगळे मानच तर देत होते. मला माझ्याच अंगावरच्या भारी सुती साडीची लाज वाटली, पायातल्या बुटांची वाटली. पोरी माझ्यासोबत सेल्फी काढायला आल्या आणि मी हसू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घराचं दार लोटलं, खिडकीला चादर लावली, आणि लॅपटॉपवर आयला हेटी दाखवली. शेळ्या बाहेर ओरडत होत्या. अण्णा पेपर घेऊन कोपऱ्यात बसले होते, वाचत असल्यासारखे.

आय हसली नाही. पुढं वाकून बघत राहिली. हेटी दारात थांबली तेव्हा आयचा हातसुद्धा हवेत थांबला. केक झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बरी हाय बाई." आणि मग, "हिला लेकरं हुती का गं?"

"होती. एक मुलगा."

"त्याला लाज वाटत आसंल."

म्हटलं, "व्हय. त्यानं तिला बंद करायला लावलं. चांगली खुर्ची दिली बसायला."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "हे तुझं काम हाय?" त्यांनी विचारलं. "ह्या बाया पडत्यात, ते बघायचं?"

"हेच काम आहे, अण्णा. ही सोंगं सांभाळायची. कंप्युटर नाही."

"तेचा पगार देतेत?"

"देतात. मानानं देतात."

अण्णांचा चेहरा उतरला. म्हातारा माणूस, निवृत्त, गावात चार लोकांत उठबस. फ्लेक्सचा खर्च त्यांनी स्वतः केला होता. "मंग म्या लोकास्नी काय सांगू?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुन्हा लाज वाटली. आता त्यांच्यासाठी. चप्पल घालून ते बाहेर गेले ते चहाच्या वेळेलाच आले. आय भाकरी थापायला बसली. मी म्हटलं, "आय, पुढच्या पंचमीला खुर्ची नको म्हण." ती म्हणाली, "दिलेल्या खुर्चीला न्हाय म्हनलं तर बायास्नी वाटंल, सायबाच्या आयला प्लास्टिकची चालत न्हाय."

निघायचा दिवस आला. तेच येरमाळ्याचं स्टँड, तीच पुण्याची गाडी, पोरं निघालेली, आया रडणाऱ्या. अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून उभे. आय त्यांच्या बाजूला, पदर दोन्ही खांद्यांवर, हात पोटाशी धरलेले. खुर्ची नव्हती तिथं, पण आय खुर्चीतच होती. फाट्यावरचे दोघंतिघं ओळखीचे पुढं आले आणि म्हणाले, "म्याडम, आमच्या पोराला बी कंप्युटरमधी घ्या की." अण्णा जमिनीकडं बघत होते.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी पायरीवर चढले आणि काय अंगात आलं कुणास ठाऊक, परत उतरले. अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. डोक्याला गुंडाळला, वाकडातिकडा. कानावर खोचायला काडी सापडेना म्हणून पेन खोचलं. आणि ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका, नव्या नवरीवानी दारात काय उभारलाव!"

कुणी हसलं नाही.

एक मनुष्य दुसऱ्याला म्हणाला, "बोर्डावरची हीच न्हाय का?" मी घाईघाईत बोट जिभेला लावलं, तिकीट फाडलं, "कुठलं द्यायचं, कुठलं द्यायचं" म्हटलं, आवाज चिरकला. टॉवेल डोळ्यांवर घसरला. एक लहान पोर आईच्या मागं लपलं. माझी स्टँडभर शोभा झाली होती, आणि तरी थांबता येईना, कारण थांबले तर रडले असते.

"ए, असं न्हाय, असं न्हाय!" आय ओरडली.

ती तरातरा पुढं आली. माझ्या डोक्यावरचा टॉवेल हिसकला. "काय गं ही गडबड? येवढ्या घाईत कुनी सोंग करतं व्हय? शिकवलं न्हाय का म्या?" तिला बाकी काहीही सोसलं असतं, पण वाईट केलेलं सोंग बघवत नव्हतं. तिनं टॉवेल झटकला, दोन वेढ्यांत डोक्याला बसवला. माझ्या कानावरचं पेन काढून आपल्या कानावर ठेवलं. मला पायरीवर ढकललं आणि स्वतः दाराशी उभी राहिली.

आणि थांबली.

सगळ्या स्टँडवर सावकाश नजर फिरवली. रसवंतीवाल्यानं चाक थांबवलं. त्या बारक्या पोरानं आईच्या मागून तोंड बाहेर काढलं. आता काय करती? आयनं बोट उचललं, जिभेपर्यंत नेलं, आणि तिथंच धरून अण्णांकडं बघितलं. मग पुन्हा लोकांकडं. कुणीतरी फुसकन हसलं. आणि तिनं बोट ओलं केलं, इतक्या रुबाबात की ड्रायव्हर, जो मागच्या वेळेचा नव्हता, कुणी दुसराच होता, तोसुद्धा खिदळला. "पुढं सरका," आय घोगऱ्या आवाजात म्हणाली. स्टँड हसायला लागलं.

"म्या असं बोट चाटत नव्हतो," अण्णा म्हणाले. लोक आणखी हसले. अण्णांनी चहूकडं बघितलं, आणि मला वाटलं आता हे पेपर स्टॉलकडं वळणार. त्यांनी घसा खाकरला. "आन् टिकीट डाव्या हातानं फाडायचो. नीट कर की जरा."

"व्हय व्हय सायब," म्हणून आयनं डाव्या हातानं तिकीट फाडलं आणि माझ्यापुढं धरलं. "ओ बाई. नुसतं जायचं का माघारी यायचं बी?"

मला उत्तर द्यायचं होतं. पण माझं हसू आवरायच्या आत गाडी हलली. या वेळी मी खिडकीत होते. टॉवेल बांधलेली आय दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. तिच्याभोवती माणसं जमली होती आणि अण्णा हात हलवून कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होते. बहुतेक बोट कसं ओलं करायचं ते.

शेजारच्या सीटवर लातूरकडचे एक वयस्क गृहस्थ होते, धोतर-टोपीतले. डोळे पुसत म्हणाले, "कोन हो त्या बाई?"

"आय हाय माझी."

"नाटकात असत्यात का?"

"न्हाय. सोंगं करती. पंचमीला, बायकांत."

"झकास करत्यात. आन् तुमी काय करता?"

मला क्षणभर फ्लेक्स आठवला. म्हटलं, "मी जर्मनीत असते. तिथं शंभर वर्षांपूर्वी एक बाई होती, अशीच सोंगं करणारी. तिची सोंगं खराब व्हायला लागलीत. ती मी सांभाळते."

"आसं बी काम असतंय व्हय?" त्यांनी मान डोलावली. त्यांना ते मुळीच हसण्यासारखं वाटलं नाही. मग साधेपणानं विचारलं, "मंग तुमच्या आयची कोन सांभाळतंय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कुणीच नाही, हे त्यांना सांगायची लाज वाटली. आयची सोंगं मोबाईलमध्ये धरता येत नाहीत, डब्यात ठेवता येत नाहीत, माझ्या कुठल्याही रसायनानं टिकत नाहीत. ती सांभाळायची एकच रीत आहे, त्या गोलात जाऊन मातीत बसायचं आणि हसायचं. माझ्यासारखे जे कुणी बाहेर गेलेत, पैसे पाठवतात, फोटो पाठवतात, फ्लेक्सवर चढतात, त्यांना विचारते, तुमच्या घरी कोण कुठल्या खुर्चीत बसून आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. घर म्हणजे आता माझ्यासाठी देवळामागची ती जागा आहे, जिथं साहेब म्हणून गेलं तर सगळ्यांचं हसू बंद पडतं. तिथं मला धुरपदाची पोरगी म्हणून जाता आलं पाहिजे. येईल का, ठाऊक नाही.

बार्शी यायच्या आधीच मी आर्काइव्हला पुढच्या पंचमीच्या रजेचा मेल टाकला. मग अण्णांच्या मोबाईलवर फोन लावला. मागं स्टँडचा गलका अजून चालूच होता. अण्णांनी फोन आयकडं दिला.

"आय," मी म्हटलं, "माघारीचं बी दे."

ती थांबली. मी वाट बघत होते, आता काय म्हणते म्हणून.

"सुट्टे हायत का?" अण्णांच्या आवाजात आय म्हणाली.